अण्णा ट्यूबसकट घरी येतायत

पत्र सांगली जिल्ह्यातून आलंय, एका सूनबाईंचं. चार पानी आहे, सगळं छापता येणार नाही, म्हणून मुद्द्याचं तेवढं देते.

"सासऱ्यांना, म्हणजे अण्णांना, वय ६६, ब्रेन हॅमरेज झालं आणि उजवी बाजू गेली. मिरजेला आयसीयूत तोंडातून ट्यूब घालून व्हेंटिलेटरवर होते, तेराव्या दिवशी गळ्याला छेद देऊन ट्रॅकी केली, म्हणजे तिथून श्वासनलिकेत ट्यूब बसवली. आता महिना होत आला. व्हेंटिलेटर सुटलाय, ऑक्सिजन पण काढलाय, डोळे उघडून बघतात, डाव्या हाताने माझा हात दाबतात. डॉक्टर म्हणतात सोमवारी घरी न्या, ट्यूब मात्र राहणार. सिस्टरनी एकदा सक्शन, म्हणजे ट्यूबमधला बेडका मशिनने ओढून काढणं, दाखवलं तेव्हा मला चक्कर आली. चुलत सासरे म्हणतात गळा चिरायला सही कशी काय दिली, नणंदेचे मिस्टर म्हणतात हे चौथ्या दिवशीच करायला पाहिजे होतं. सासूबाईंना वाटतं दोन चमचे चहा पाजावा, एवढ्याने काय होतंय. मिस्टर कामावर, दीर दिवसभर शेतात. अण्णा परत बोलतील का? आणि रात्री ट्यूब बंद पडली तर? गावापासून हॉस्पिटल पाऊण तासावर आहे."

ताई, आधी ते सहीचं मिटवून टाकू, कारण तुमच्या पत्रात प्रश्न पाच आहेत पण जीव तिथेच अडकलाय असं दिसतंय.

तोंडातून जी ट्यूब घालतात ती स्वरयंत्राच्या दोन पडद्यांच्या मधून श्वासनलिकेत जाते. आठ-दहा दिवस ठीक, पण पुढे तिथे जखमा व्हायला लागतात, तोंड नीट साफ करता येत नाही, आणि पेशंटला ती ट्यूब इतकी टोचते की त्याला झोपेच्या औषधावरच ठेवावं लागतं, मग तो जागा कधी व्हायचा आणि व्हेंटिलेटर सुटायचा कधी. म्हणून साधारण एक-दोन आठवड्यांत सुटण्याची लक्षणं नसतील तर गळ्यातून ट्यूब घालतात, ती स्वरयंत्राच्या खाली असते, तोंड मोकळं होतं, झोपेचं औषध कमी करता येतं. अण्णा आज डोळे उघडून तुमचा हात दाबतायत त्यात त्या ट्रॅकीचा पण वाटा आहे हे चुलत सासऱ्यांना सांगा. आणि नणंदेच्या मिस्टरांना सांगा की नेमका हाच प्रश्न घेऊन ब्रिटनमध्ये ९०९ पेशंटवर मोठा अभ्यास झाला होता, २०१३ साली छापून आला, एका गटात पहिल्या चार दिवसांत ट्रॅकी आणि दुसऱ्यात दहा दिवस थांबून लागली तरच, आणि महिन्याभरात दगावणाऱ्यांच्या प्रमाणात फरक काही निघाला नाही. उलट थांबलेल्या गटातल्या निम्म्याहून जास्त लोकांना ट्रॅकी करायची वेळच आली नाही. तेव्हा तेराव्या दिवशी झाली त्यात कोणाचं काही चुकलेलं नाही, विषय संपला.

आता कामाचं. मी आयसीयूत सिस्टर म्हणून उभं आयुष्य काढलंय आणि माझं एक ठाम मत आहे, डॉक्टर मंडळींना आवडो न आवडो: घरच्या दोन माणसांनी सिस्टरच्या समोर स्वतःच्या हाताने सक्शन केल्याशिवाय आणि ट्यूब बंद पडली तर काय करायचं याची रंगीत तालीम केल्याशिवाय ट्रॅकीच्या पेशंटचा डिस्चार्ज घेऊ नये. एकदा 'दाखवलं' म्हणजे शिकवलं नाही. सोमवार म्हणजे सोमवारच असं काही नसतं, दोन दिवस पुढे ढकला. वॉर्डात स्पष्ट सांगायचं, "आम्हाला अजून जमत नाहीये, आमच्याकडून करून घ्या." कुरकुर करतील, पण करून घेतील. आणि दोन माणसं म्हणजे दोन, तुम्ही एकट्या नाही, कारण तुम्हालाही झोप लागते, ताप येतो, माहेरी जायचं असतं. दिरांना संध्याकाळी शेतातून थेट वॉर्डात बोलवा, पुरुषमाणूस आहे म्हणून त्यांना यातून सूट नाही.

चक्कर आली त्याचं काही वाटून घेऊ नका. शिकायला आलेल्या नर्सिंगच्या मुलींना पण येते. पहिल्यांदा बघताना भयानक वाटतं कारण कॅथेटर, म्हणजे बेडका ओढायची बारीक नळी, आत गेला की पेशंट जोरात खोकतो, चेहरा लाल होतो, डोळ्यातून पाणी येतं, आणि बघणाऱ्याला वाटतं आपण याला छळतोय. खरं म्हणजे तो खोकला आपल्याला हवाच असतो, बेडका वर ढकलायचं निम्मं काम तोच करतो. आणि हे काय डिग्रीवाल्यांचंच काम आहे असंही नाही. १९५२ साली डेन्मार्कमध्ये कोपनहेगनला पोलिओची प्रचंड साथ आली, श्वासाचे स्नायू निकामी झालेली माणसं, त्यात लहान मुलं किती तरी, आणि मशिनं मोजकी. ब्योर्न इब्सेन नावाच्या भूलतज्ज्ञाने पेशंटच्या गळ्यात ट्यूब घालून रबरी पिशवी हाताने दाबून श्वास द्यायला सुरुवात केली, आणि ती पिशवी दाबायला कोण, तर मेडिकलची पोरं, साधारण १५०० पोरं पाळ्या लावून दिवसरात्र, कित्येक आठवडे. आयसीयू नावाचा प्रकार त्यातूनच पुढे उभा राहिला. तेव्हा तुम्हाला जमणार नाही हे मी मान्यच करत नाही.

सक्शन कसं करायचं ते लिहिते, पण हे वाचून शिकायचं नाही, वॉर्डात शिकलेलं आठवायला वापरायचं. साबणाने हात धुवा, ग्लोव्ह घाला. कॅथेटर किती नंबरचा ते ट्यूबवर अवलंबून, ट्यूबच्या नंबरातून दोन वजा करा आणि दुप्पट करा, म्हणजे ८ नंबरची ट्यूब असेल तर १२ चा कॅथेटर, त्याच्यापेक्षा जाड घातला तर हवेलाच जागा राहत नाही. मशिनचा काटा १०० ते १२० च्या आसपास (मिलिमीटर पारा, म्हणजे mmHg च्या आकड्यात), उगाच जास्त फिरवायचा नाही, जास्त ओढ लावली की जास्त बेडका येतो असं नसतं, आतल्या अस्तराला जखमा होतात आणि मग रक्त दिसलं म्हणून तुम्हीच घाबरता. किती आत घालायचा हे अंदाजावर ठेवू नका, जादा ट्यूब घरी असणारच आहे, तिच्याशेजारी कॅथेटर धरून लांबी मोजा आणि टोकाच्या जेमतेम अर्धा-एक सेंटिमीटर पुढे जाईल एवढ्यावर खूण लक्षात ठेवा. आत जाताना कॅथेटरच्या बाहेरच्या टोकाजवळचं अंगठ्याचं भोक उघडं, बाहेर येताना अंगठा ठेवायचा आणि कॅथेटर बोटात हलका फिरवत काढायचा, सगळं मिळून दहा सेकंद. घड्याळ कोण बघणार त्या गडबडीत, म्हणून आमच्याकडे नव्या पोरींना सांगतात की कॅथेटर आत घालताना स्वतःचा श्वास धरा, तुम्हाला गुदमरल्यासारखं वाटलं म्हणजे अण्णांना पण वाटतंय, बाहेर या. परत करायचं असेल तर त्यांना आधी चार-पाच श्वास नीट घेऊ द्या.

दर तासाला गजर लावून सक्शन करायचं नाही. गुरगुर आवाज आला, ट्यूबच्या तोंडाशी बेडका दिसला, ते अस्वस्थ झाले, बोटावरचा ऑक्सिमीटर (कोविडमुळे आता घरोघरी आहेच) नेहमीपेक्षा खाली दाखवायला लागला, तर करायचं. आणि तोंडात घातलेला कॅथेटर परत गळ्यात घालायचा नाही, कधीच नाही, आधी गळा मग तोंड. कॅथेटर दिवसभर डेटॉलच्या बाटलीत बुडवून ठेवून तोच तोच वापरायची जी पद्धत काही घरी दिसते ती पण बंद, त्या बाटलीत जंतू पोसले जातात आणि ते औषध फुफ्फुसात जातं ते वेगळंच.

मशिन घेताना बॅटरीवर चालणारं घ्या, विकत नाही जमलं तर मिरजेत सांगलीत भाड्याने पण मिळतात. गावाकडचं लाईटचं आपल्याला माहितीय. पायाने दाबायचं सक्शन पण मिळतं, दिसायला अगदी साधं, पण वादळवाऱ्यात रात्री लाईट गेली की तेच उपयोगी पडतं, म्हणून मी तर म्हणेन बॅटरीचं असलं तरी ते एक पलंगाखाली असूच द्या.

आता ज्या गोष्टीकडे सगळ्यांचं दुर्लक्ष होतं ती म्हणजे ओलावा. आपण नाकाने श्वास घेतो तेव्हा नाक ती हवा गाळतं, गरम करतं, ओली करतं. अण्णांचं नाक आता वळसा घालून बाजूला पडलंय, घरातली कोरडी हवा धुळीसकट थेट श्वासनलिकेत, त्यामुळे बेडका घट्ट होतो, आणि ट्यूब काही एका क्षणात बंद पडत नाही, नळाच्या तोटीत क्षार धरत धरत धार बारीक होत जाते ना, तसं आतून थर चढत जातो आणि एक दिवस कळतं की कॅथेटर आत जातच नाहीये. म्हणून ट्यूबच्या तोंडावर लावायचा छोटा फिल्टर मिळतो, हॉस्पिटलमध्ये त्याला एचएमई म्हणतात, तो बाहेर जाणाऱ्या श्वासातली वाफ धरून ठेवतो आणि आत येणाऱ्या हवेला परत देतो. रोज बदलायचा, बेडक्याने बरबटला तर लगेच. त्याच्या जोडीला डॉक्टरांनी सांगितलं असेल तसं नॉर्मल सलाईनचं नेब्युलायझर, आणि रायल्स ट्यूबमधून (नाकातून पोटात घातलेली भरवायची नळी) पाणी पुरेसं जातंय ना हे बघायचं. ते जर नीट चाललं तर सक्शनचे निम्मे त्रास होतच नाहीत.

अण्णांची खोली स्वयंपाकघराला लागून आहे असं तुम्ही लिहिलंय, ती बदला. मिरचीच्या फोडणीचा ठसका आपल्याला नाकातोंडाला रुमाल लावून सोसतो, त्यांना रुमाल लावायला जागा नाही. उदबत्ती, धूप, मच्छरची कॉइल, अंघोळीच्या बंबाचा धूर, टाल्कम पावडर, यातलं काहीही त्या खोलीत नको. देवघर तिथे असेल तर देव दुसरीकडे बसवा, देव रागावत नाहीत.

ट्यूब कोणती आहे ते विचारा. आत काढता येणारी दुसरी बारीक ट्यूब आहे का? नसेल, म्हणजे पोर्टेक्स कंपनीची साधी एकेरी ट्यूब असेल, तर डिस्चार्जच्या आधी आतली ट्यूब असलेली बसवून मिळेल का हे नक्की विचारा, माझ्या मते घरी जाणाऱ्या पेशंटसाठी यावर पैसे वाचवू नयेत. कारण अडकलं की ती आतली ट्यूब फिरवून बाहेर काढली की झालं, मुख्य रस्ता परत मोकळा. दोन आतल्या ट्यूब घ्या, एक काढली की दुसरी लगेच घालायची आणि काढलेली उकळून गार केलेल्या पाण्यात बारीक ब्रशने आतून घासायची, दिवसातून तीन-चार वेळा तरी. धुतल्यावर उजेडाकडे धरून एका डोळ्याने आरपार बघा. पहिल्या दिवशी तुम्हाला आत कडेला चिकटलेली पिवळट, अर्धवट सुकलेली पापुद्र्यासारखी साल दिसेल, नुसत्या पाण्याने सुटत नाही, घासावीच लागते, आणि ती बघितल्यावर मी ओलाव्याचं एवढं का लावून धरलंय ते कोणी समजवावं लागणार नाही.

ट्यूब गळ्याला बांधून ठेवणाऱ्या नाड्या बदलायचं काम एकट्याने करायचं नाही. एकाने ट्यूबचे दोन पंख बोटांनी गळ्याशी धरून ठेवायचे, दुसऱ्याने नाडी बदलायची, आणि नवी नाडी गाठ मारून होईपर्यंत पहिल्याने हात सोडायचा नाही. नाडी आणि मान यांच्यात एक बोट जाईल एवढीच ढिली. ट्यूब निघून येण्याचे प्रकार जास्त करून याच वेळी होतात, नाहीतर कूस बदलताना. ट्यूबखालची गॉज तयार चीर असलेली मिळते ती आणा, घरी कात्रीने कापू नका, सुटलेले धागे भोकातून आत जातात.

फुग्याबद्दल. ट्यूबच्या खालच्या टोकाला एक फुगा असतो, हॉस्पिटलमध्ये त्याला कफ म्हणतात, आणि बाहेर लोंबणारा बारका फुगा त्याचाच. व्हेंटिलेटरवर असताना हवा वर निसटू नये म्हणून तो फुगवतात. आता व्हेंटिलेटर नाही, तर तो फुगलेला ठेवायचाय की सोडायचाय हे डॉक्टरांना सरळ विचारा आणि डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या. फुगवलेला ठेवायला सांगितला तर दाब मोजून, २० ते ३० सेंटिमीटर पाण्याच्या दाबाइतका, आणि तो मोजायला मीटर लागतो, बोटाने दाबून कळत नाही. बाहेरचा फुगा मऊ लागतोय म्हणून सिरिंजने अजून थोडी हवा सारायची हा उद्योग घरच्यांनी करू नये, जास्त दाबाने श्वासनलिकेचा रक्तपुरवठा तुटतो आणि महिन्या-दोन महिन्यांनी ती जागा आकसते, मग ट्यूब काढायची वेळ आली तरी काढता येत नाही.

आता तुमचा रात्रीचा प्रश्न. ही तालीम वॉर्डात करून घ्या आणि भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून लावा. अण्णा धापा टाकतायत, छाती आत ओढली जातेय, ओठ निळसर, ट्यूबमधून हवा जाणवत नाही, तर एकाने लगेच १०८ ला फोन करायचा आणि दुसऱ्याने हात चालवायचे. पहिलं, ट्यूबच्या तोंडावर जे काही आहे ते काढून टाका, फिल्टर, बोलण्यासाठी लावलेला व्हॉल्व्ह, टोपण, ओलं फडकं, काहीही. मग आतली ट्यूब बाहेर. बहुतेक वेळा इथेच मोकळं होतं. नाही झालं तर सक्शनचा कॅथेटर घालून बघा, गेला तर सक्शन करा. जातच नसेल तर फुगा फुगलेला असेल त्यातली हवा सिरिंजने पूर्ण काढा, म्हणजे नाका-तोंडाची हवा ट्यूबच्या बाजूने खाली जाऊ शकते. तरीही श्वास येत नाहीये, तर बंद पडलेली ट्यूब हा आता रस्ता नाही, बूच आहे, आणि ती काढावी लागते. हे वाचून तुमच्या पोटात गोळा आला असणार, पण बूच तसंच ठेवून १०८ ची वाट बघण्यात जीव जातो. ट्यूब काढायची ही शेवटची पायरी तुमच्या डॉक्टरांशी आधी बोलून ठरवा, त्यांच्याकडून हाताने शिकून घ्या, पहिली ट्यूब हॉस्पिटलमध्ये एकदा तरी बदलून झालीय ना हेही विचारा, कारण पहिला बदल त्यांनीच करायचा असतो. तीन आठवड्यांच्या आसपास जुनं झालेलं भोक लगेच मिटत नाही, त्यातून आणि नाका-तोंडातून दोन्हीकडून अण्णांना श्वास घेता येतो, कारण त्यांचा वरचा रस्ता शाबूत आहे. ट्यूब आपोआप निघून आली तरी हेच लागू. उशाशी एका डब्यात त्याच नंबरची जादा ट्यूब, तिच्यापेक्षा एक नंबर लहान दुसरी, ट्यूब आत घालताना लागणारी दांडी, जेली, १० मिलीची सिरिंज, कात्री, टॉर्च, आणि शेजारी मास्कसकट अंबू बॅग, म्हणजे हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी. तो डबा पोरांनी हलवायचा नाही आणि गाडीतून हॉस्पिटलला जाताना अण्णांच्या बरोबर गेलाच पाहिजे. अंबू कसा दाबायचा आणि तेव्हा गळ्याचं भोक कसं झाकायचं हे पण वॉर्डातच करून बघा.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी मध्येच सांगते, कारण आपल्याकडे तंबाखूमुळे घशाच्या कॅन्सरचे पेशंट खूप. ज्यांचं स्वरयंत्रच पूर्ण काढलंय त्यांच्या तोंडाचा आणि फुफ्फुसाचा संबंध उरलेला नसतो, त्यांना तोंडावर ऑक्सिजन लावून काहीही उपयोग नाही, जे द्यायचं ते गळ्याच्या भोकातूनच. बाहेरून दोघं सारखेच दिसतात, म्हणून तिकडे ब्रिटनमध्ये पलंगाच्या डोक्याशी वेगवेगळ्या रंगाचे कागद लावतात, ट्रॅकीला हिरवा आणि स्वरयंत्र काढलेल्याला लाल. आपल्याकडे पण लावायला काय हरकत आहे, एक कागद आणि स्केचपेन लागतो. तुमच्या अण्णांचा हिरवा.

ट्यूबमधून ताजं लाल रक्त आलं, थोडं का होईना, पण सक्शनच्या गुलाबी धाग्यापेक्षा जास्त, तर वाट बघायची नाही, लगेच हॉस्पिटल, ट्रॅकीजवळून मोठी रक्तवाहिनी जाते. बेडका हिरवा-पिवळा घट्ट झाला, वास यायला लागला, ताप आला तर त्याच दिवशी फोन.

चहा. सासूबाईंना दुखवायचं नाही हे मला कळतं, पण दोन चमच्यांनी काय होतंय याचं उत्तर न्यूमोनिया आहे. अर्धांगात गिळण्याचे स्नायू पण दुबळे होतात, आणि कित्येकदा चहा श्वासनलिकेत उतरतो तरी पेशंट खोकत सुद्धा नाही, म्हणजे तुम्हाला वाटतं छान प्यायले. फुगा फुगवलेला आहे म्हणजे खाली काही जाणार नाही हाही गैरसमज, फुग्याच्या कडेने झिरपतंच. कान-नाक-घशाचे डॉक्टर किंवा स्पीच थेरपिस्ट दुर्बिणीतून गिळणं बघतात, ती तपासणी झाल्यावर ते सांगतील काय, किती आणि किती घट्ट द्यायचं. तोवर रायल्स ट्यूबनेच, डोक्याची बाजू ३० ते ४५ अंश उचलून, आणि दिल्यावर अर्धा-पाऊण तास तसंच बसवून. सक्शन करायचं असेल तर भरवायच्या आधी, नंतर केलं की खोकल्याबरोबर उलटी होते. सासूबाईंना रिकामं बसवू नका म्हणजे त्या चहा घेऊन येणार नाहीत. दिवसातून दोनदा तोंडाची सफाई त्यांच्याकडे द्या, मऊ ब्रशने दात, ओल्या गॉजने जीभ आणि ओठ. हे दिसतं किरकोळ, पण तोंडातली घाण खाली उतरूनच छाती भरते, म्हणजे त्या अण्णांना चहापेक्षा कितीतरी उपयोगाचं काही देतायत.

बोलण्याचं आता. आवाज नाहीये तो स्वरयंत्र बिघडलं म्हणून नव्हे, हवा स्वरयंत्रापर्यंत पोचतच नाही म्हणून, ती खालच्या खाली ट्यूबमधून बाहेर जाते. फुगा सोडला आणि ट्यूबवर एकतर्फी व्हॉल्व्ह लावला की श्वास ट्यूबमधून आत येतो आणि उच्छ्वास वर स्वरयंत्रातून जातो, आवाज फुटतो. हा व्हॉल्व्ह डेव्हिड म्यूर नावाच्या अमेरिकन तरुणाने १९८० च्या दशकात शोधला, तो स्वतः स्नायूंच्या आजाराने व्हेंटिलेटरवर होता आणि बोलता येत नाही म्हणून वैतागला होता. पण ताई, हे दोनदा वाचा: फुगा फुगलेला असताना हा व्हॉल्व्ह लावायचा नाही. आत घेतलेली हवा बाहेर यायला वाटच राहत नाही, माणूस काही श्वासांत गुदमरतो. व्हॉल्व्ह लावण्याआधी सिरिंज जोडून हवा पूर्ण निघाल्याची खात्री करायची, दर वेळी, तुम्ही स्वतः पाच मिनिटांपूर्वी काढलेली असली तरी. आणि रात्री झोपताना व्हॉल्व्ह काढायचा.

एक गोष्ट स्पष्ट सांगते म्हणजे नंतर मन मोडणार नाही. अण्णांची उजवी बाजू गेलीय म्हणजे मार मेंदूच्या डाव्या बाजूला आहे, आणि बहुतेकांचं भाषेचं केंद्र डावीकडेच असतं. त्यामुळे आवाज परत येणं आणि शब्द परत येणं या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात. व्हॉल्व्ह लावला आणि त्यांनी नुसता "आ" काढला किंवा भलताच शब्द बोलले तर ट्यूबला दोष देऊ नका, त्यासाठी स्पीच थेरपी वेगळी आणि ती महिनोन् महिने चालते, लवकर सुरू केलेली बरी. तोवर हो-नाहीसाठी डाव्या हाताची खूण ठरवा, पाणी, दुखतंय, कूस बदला, लघवी अशी चार-सहा मोठी चित्रं पुठ्ठ्यावर काढा, मूळाक्षरांचा तक्ता दाखवून काही होत नाही, काना-मात्रा जुळवता जुळवता चांगला माणूस दमतो. आणि त्यांच्या डाव्या हाताशी घंटी ठेवा, पूजेची चालेल. त्यांना हाक मारता येत नाही हे घरातले लोक तिसऱ्या दिवशी विसरतात.

अंघोळ म्हणजे अंग पुसणं, निदान सध्या. केस धुताना भोकात पाणी जाणार नाही असं मान मागे टेकवून. दाढी करताना साबणाचा फेस गळ्यावर नको. पंखा, कूलर थेट अंगावर नको, एवढंच.

बाहेरचा माणूस ठेवायचा का, ठेवा, परवडत असेल तर रात्रीपुरता तरी ठेवा, पण सर्टिफिकेट बघून नाही, वॉर्डात आणून सिस्टरसमोर एक सक्शन करायला लावा. हात न धुता कॅथेटर उचलला की तिथूनच परत पाठवा.

ट्यूब कायमची आहे का, हे तुम्ही विचारलं नाहीत पण मनात असणारच. नसावी. खोकला जोरदार यायला लागला, सक्शन कमी कमी लागायला लागलं, लाळ गिळता यायला लागली, की डॉक्टर फुगा सोडून बघतात, लहान नंबरची ट्यूब घालतात, मग ट्यूबला टोपण लावून एक-दोन दिवस नाका-तोंडाने श्वास जमतोय का ते बघतात, जमला की ट्यूब काढतात. भोक बहुतेकदा टाके न घालता काही दिवसांत आपोआप भरतं, तोवर बोलताना-खोकताना गॉजवर बोट दाबून धरायचं. काहींचं दोन महिन्यांत होतं, काहींचं वर्षभर चालतं, काहींची राहते पण. फिजिओथेरपीवाला रोज येऊन बसवतोय, छातीचे व्यायाम करून घेतोय का, यावर बरंच अवलंबून, तिथे काटकसर करू नका.

तर आता शनिवार-रविवार हातात आहे. उद्या सकाळच्या राउंडला दिरांना घेऊन जा आणि डॉक्टरांकडून कार्डावर लिहून घ्या: ट्यूबची कंपनी आणि नंबर, कधी घातली, पुढचा बदल कोणत्या तारखेला आणि कुठे, फुगा फुगवायचा की सोडायचा, आणि रात्री-अपरात्री उचलला जाईल असा एक फोन नंबर. दुपारी तुम्ही सक्शन करा, संध्याकाळी दीर करतील, रविवारी आतली ट्यूब काढणं-घालणं, नाड्या बदलणं आणि ती बंद ट्यूबची तालीम. चक्कर आलीच तर खाली बसा, पाणी प्या, आणि परत उठून करा. सोमवारपर्यंत हात बसला नाही तर बुधवारी न्या घरी, आणि पहिल्या आठवड्यात काय काय अडलं ते मला लिहा.